अस्मानी, सुलतानी आणि देव

बडोदे, इंदूर, उज्जैन या बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत ‘छप्पन्नचा दुष्काळ’ हे शब्द अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, हे ते साल. गुजराती शेजारी त्यालाच ‘छप्पनियो’ म्हणत. आमच्या लहानपणी पानात अन्न टाकून उठणाऱ्या मुलाला छप्पन्नची आठवण करून दिली जात असे. आठवण देणाऱ्यांनी स्वतः तो दुष्काळ पाहिलेला नव्हता. आपल्या आजीकडून ऐकलेला होता. त्या हकिकतीच्या शेवटी ठरलेले दोन शब्द येत: ‘देवाची करणी’. ते उच्चारताना सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसे, तसे समाधानही नसे. विषय संपला, एवढाच त्यांचा अर्थ असे.

विषय तेथे संपत नाही, हे पुढे वाचनात आले. देव जगाचा कर्ता आहे, तो सर्वसमर्थ आहे आणि तो दयाळू आहे, ही तिन्ही विधाने एकत्र खरी मानली तर भुकेने मेलेल्या मुलाचा हिशेब कोणाच्या खाती घालावयाचा? जगातील बहुतेक धर्मांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. त्या सर्वांचा परामर्श घेण्याचा आमचा अधिकार नाही. मराठी माणसांच्या इतिहासात मात्र हा प्रश्न ग्रंथांबाहेर, प्रत्यक्ष रिकाम्या चुलीपुढे, निदान दोन वेळा असा विचारला गेला की विचारणाऱ्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. त्या दोन प्रसंगांत सुमारे दोनशे चाळीस वर्षांचे अंतर आहे. त्यांतील एक माणूस दुष्काळातून देवाच्या अधिक जवळ गेला. दुसऱ्या व्यक्तीचे कुलदैवत त्या दुष्काळातच सुटले. दोघांना एकत्र ठेवून पाहण्याची आपल्याकडे रीत नाही, कारण मध्ये धर्मांतराचा वाद उभा आहे. आम्हांला ती रीत थोडी मोडावीशी वाटते.

प्रथम एका शब्दजोडीविषयी. पाश्चात्त्य तत्त्वचिंतक निसर्गातून येणारे अनिष्ट आणि माणसाने माणसावर आणलेले अनिष्ट असा भेद करतात. आमच्या जुन्या महसुली कागदांत हाच भेद कोणतेही तत्त्वज्ञान न सांगता केलेला आढळतो: ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही अस्मानी. फौजेची लूट, जाळपोळ, अंमलदाराचा जुलूम ही सुलतानी. कौलात दोहोंचा उल्लेख येतो, कारण दोहोंमुळे रयत पिकाला मुकते आणि दोहोंपायी तिला सूट मागावयाची असते. शब्द फारसीतून आले, पण मराठीत ते असे जोडीने नांदू लागले की एकाचा उच्चार होताच दुसरा आपोआप ओठांवर यावा. या जोडीत एक शहाणपण दडलेले आहे. आभाळातून आलेले संकट आणि दरबारातून आलेले संकट हे शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचेपर्यंत वेगळे राहत नाहीत.

सन १६३० ते १६३२ या वर्षांत नेमके हेच घडले. १६३० साली दख्खनेत आणि गुजरातेत पाऊस पडला नाही. पुढील वर्षी जो पडला तो उभे पीक वाहून नेणारा. त्याच सुमारास खानजहान लोदीच्या बंडाचा आणि निजामशाहीचा बंदोबस्त करण्यासाठी शहाजहान बादशहा प्रचंड सैन्यासह बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता, आणि एवढ्या सैन्याचा दाणागोटा भोवतालच्या मुलखातूनच उभा राहत होता. इकडे १६३० साली विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरविला. पुण्यापासून देहू फार लांब नाही.

बादशाही इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचे वर्णन केले आहे. बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले गेले, मेलेल्यांच्या हाडांचे पीठ धान्याच्या पिठात मिसळले गेले, आणि शेवटी माणसांनी माणसे खाल्ली, असे तो लिहितो. त्या वर्णनात दरबारी अतिशयोक्ती असेल असे समजावे, तर त्याच सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघालेला पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी वाटेवरच्या प्रेतांविषयी जे लिहून ठेवतो त्याने ती शंका फारशी टिकत नाही. बादशहाने लंगर उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवार मिळून एक लाख रुपये वाटले. खालशाच्या मुलखातील सुमारे ७० लाखांचा, म्हणजे जवळजवळ अकराव्या हिश्श्याचा, सारा माफ केला. लाहोरी हे औदार्य म्हणून सांगतो. उरलेले दहा हिस्से वसूल करण्यास माणसे कोठून आणली असतील, हे तो सांगत नाही.

याच बुऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये मुमताजमहल बाळंतपणात वारली. आणि त्याच दुष्काळाच्या वर्षांत देहूस मोरे घराण्यातील एक सून अन्न अन्न करीत मेली. तिचे नाव रखमा. महिपतीच्या चरित्रग्रंथांमुळे आणि वारकरी परंपरेमुळे ते आपल्याला माहीत आहे. तिचा मुलगा संतू हाही गेला. बादशहाच्या पत्नीच्या कबरीपुढे आज देशोदेशीचे लोक उभे असतात. रखमेचे जे काही स्मारक आहे ते तिच्या नवऱ्याच्या एका अभंगातील एवढासा उल्लेख.

तो अभंग तुकोबांच्या आत्मकथनपर अभंगांपैकी प्रमुख होय. स्वतःविषयी बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने ते आपली हकिकत सांगतात. दुष्काळाने द्रव्य नेले, मान नेला, एक बायको अन्नावाचून मेली, व्यवहार तोट्यात गेला. आणि मग मोडके देऊळ नीट करावे असे मनात आले. या क्रमात पत्नीच्या मृत्यूनंतर लगेच जो भाव तुकोबांनी नोंदविला आहे त्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. तो भाव शोकाचा नाही, देवावरील रागाचा नाही, वैराग्याचाही नाही. त्यांना लाज वाटली.

पत्नीच्या मृत्यूची माणसाला लाज केव्हा वाटते? आपण तिला जबाबदार होतो असे वाटते तेव्हा. ज्या घरी वंशपरंपरेने महाजनकी, सावकारी आणि वाण्याचा व्यवहार होता, त्या घरातली सून उपाशी मरते. दुकान असूनही घरात दाणा नसतो. दुष्काळ देवाने का पाडला, हा प्रश्न या ठिकाणी तुकोबा विचारीत नाहीत. आपण काय होतो आणि काय ठरलो, एवढेच त्यांना दिसते. महिपती पुढे सांगतो की लोकांकडील येण्याचे दस्तऐवज भावाबरोबर निम्मे-निम्मे वाटून घेऊन तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत बुडविला. ही कथा आपण कीर्तनात विरक्तीचे उदाहरण म्हणून ऐकतो. पण दुष्काळानंतर कर्जाचे कागद बुडविणे म्हणजे काय, हे त्या गावच्या कुळांना विचारावे लागेल. त्यांच्या दृष्टीने ती सुलतानीतून मिळालेली सूट होती, आणि ती देणारा स्वतः दुष्काळाने नागवलेला होता.

याच्या उलट म्हणता येईल अशी जागाही गाथेत आहे आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका अभंगात तुकोबा दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, जनात अपमान झाला हे सारे बरे झाले म्हणतात, कारण त्यामुळे चित्त देवाकडे वळले. दुसऱ्या एका अभंगात तर आप्तांचे एकेक मरण मोजून प्रत्येक मरणाने देवाने आपला एक पाश तोडला असे ते म्हणतात. त्यात बायको आहे आणि मूलही आहे. हा अभंग आम्हांला कधी सुखाने वाचता आला नाही. दुःख हे माणसाला घडविण्यासाठी देवाने योजलेले साधन आहे, हे उत्तर जगभर दिले जाते, आणि ज्याच्यावर दुःख कोसळले त्याच्या तोंडी ते खरेही असते. तुकोबा घडले, यात शंका नाही. पण रखमेचे काय? तिच्या भुकेतून दुसऱ्या कोणाचा परमार्थ साधला, हे तिला कोणी कसे समजावून सांगावे?

आमच्या समजुतीप्रमाणे याचा उलगडा एवढाच आहे की ‘बरे झाले’ हे तुकोबा स्वतःपुरते बोलतात. दुसऱ्याच्या उपासमारीला त्यांनी बरे म्हटलेले आम्हांला आढळले नाही. आणि स्वतःपुरते बोलतानाही ते सदैव एवढे शांत नसतात. देव सामर्थ्यहीन झाला, त्याने आपल्या नावाला बट्टा लावला, आपल्यापुरता तो उरलाच नाही, ज्यांना असेल त्यांना असो, इथपर्यंत त्यांची वाणी जाते. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या आहेत. वारकऱ्याने देवाशी भांडणे हे आपल्याला इतके घरचे वाटते की त्यातील धीटपणा आता जाणवतही नाही. फिर्याद ऐकणारा कोणीतरी आहे, हे भांडणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते.

आता शास्त्राचे उत्तर. ते तुकोबांच्या कितीतरी आधी, अत्यंत नेटकेपणाने दिले गेले होते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हा आक्षेप उघडपणे मांडला आहे. शंकराचार्य भाष्यात म्हणतात की देवादिकांना अत्यंत सुखी, पशूंना अत्यंत दुःखी आणि मनुष्यांना मधल्या अवस्थेत निर्माण करणाऱ्या ईश्वरावर पक्षपाताचा, आणि सर्वांचा संहार करणारा म्हणून निर्दयतेचा दोष येईल. यांनाच शास्त्रात ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ म्हणतात. उत्तर असे की ईश्वर स्वतंत्रपणे विषम सृष्टी करीत नाही. जीवांच्या धर्माधर्माच्या अपेक्षेने करतो. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, पण भाताच्या बीजातून भात आणि जवाच्या बीजातून जव उगवतो. भेद बीजाचा आहे, पावसाचा नाही. मग अगदी पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कोठून आले? तर संसार अनादि आहे. बीज आधी की अंकुर आधी, हा प्रश्न तेथे लागू नाही.

हे उत्तर तर्काच्या दृष्टीने भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. ईश्वराला दोषमुक्त करण्यासाठी येथे दोष हलविला जातो, आणि तो जाऊन बसतो दुःख भोगणाऱ्याच्या माथ्यावर. (पावसाचा दृष्टांतही असा योगायोगाचा की दुष्काळाच्या प्रश्नाला तो नेमका पुरत नाही, तेथे पाऊसच आलेला नसतो.) जो सुस्थितीत आहे त्याला हे उत्तर सहज पटते. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला ते कसे ऐकू येत असेल, याचा पुरावाही आपल्याच वाङ्मयात आहे. चोखामेळा काही अभंगांत आपल्या हीन समजल्या गेलेल्या जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधतो. १३३८ साली मंगळवेढ्यास वेशीचे बांधकाम कोसळून त्याखाली वेठीच्या मजुरांबरोबर तो चिरडला गेला. त्याच्या मुलाचे नाव कर्ममेळा. नावात कर्म असलेल्या या मुलाने मात्र कर्माचे उत्तर स्वीकारलेले दिसत नाही. आम्हांला उष्ट्यावर जगावयास लावणारा जन्म तूच दिलास, मग तुला त्याची लाज कशी वाटत नाही, अशा आशयाचा सवाल तो थेट देवाला करतो. पुन्हा तीच लाज; पण तुकोबांनी ती स्वतःकडे घेतली आणि कर्ममेळ्याने ती देवाच्या पदरात टाकली.

यानंतर आम्ही एकदम एकोणिसाव्या शतकात येतो, आणि महाराष्ट्राबाहेर जातो. आजच्या उडुपी जिल्ह्यातील कारकळजवळच्या माळ गावी कोकणातून आलेली चित्पावन घराणी पूर्वीपासून स्थायिक होती. त्यांतील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यास शिकले, आणि पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरल्याबद्दल त्यांना शास्त्रीमंडळींपुढे आपली बाजू मांडावी लागली. पुढे ते सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी धाकटी मुलगी रमा जन्मली. ती सहा महिन्यांची असताना कुटुंब यात्रेस निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगरावरून खाली आणले गेले. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षे हे कुटुंब तीर्थाहून तीर्थाला फिरत राहिले. आईवडील आणि पुढे मुलेही पुराणे वाचीत. श्रोते जे देत त्यावर चाले, आणि त्यातूनही दानधर्म होई. मुलखाबाहेर पडून विद्येच्या आधारावर जगणारी अशी घरे आपल्यापैकी पुष्कळांच्या वंशवृक्षात आहेत. त्यामुळे पुढील हकिकत आम्हांला परक्याची वाटत नाही.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. रमाबाईंनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत तो काळ तपशिलाने सांगितला आहे. विशिष्ट देवतेची विशिष्ट दिवस उपासना केली, ब्राह्मणभोजन घातले, दाने दिली तर द्रव्य व धान्य प्राप्त होते, असे जे ग्रंथांत वाचले होते ते या कुटुंबाने अक्षरशः केले. शिल्लक पैसे असे गेले. मग दागिने, चांदी, भारी वस्त्रे, शेवटी तांब्यापितळेची भांडी विकली. वडिलांना मोलमजुरीची सवय नव्हती, मुलांना ती शिकविलेली नव्हती, आणि भीक मागण्याची लाज होती. अन्न संपल्यावर ती पाच माणसे तिरुपतीच्या बाजूच्या रानात मरण्यासाठी गेली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी हलके काम करीन, पण हे नको. तेव्हा तो बेत राहिला. परंतु वडील टिकले नाहीत. त्यांनी संन्यास घेतला असल्यामुळे भूमिसंस्कार करावयाचा होता, आणि खांदा देण्यास कोणी येईना. श्रीनिवासने वडिलांचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधून एकट्याने नदीकाठी नेला.

काही आठवड्यांनी आई गेली. त्याआधी आईसाठी भाकरीचा तुकडा मागावयास रमाबाई एका शेजारणीच्या दारात गेल्या आणि तेथे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने बाजरीची भाकरी दिली ती घेऊन त्या आभार न मानता धावत सुटल्या, आणि आईला ती खाता आली नाही. सोळा वर्षांची मुलगी, वेदशास्त्रसंपन्न घरातली, जिला हजारो श्लोक मुखोद्गत होते, तिला त्या क्षणी एक साधे वाक्य उच्चारता आले नाही. आईला उचलण्यास दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडल्यामुळे त्यांना आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. पुढे थोरली बहीणही गेली.

रखमेच्या जागी उभी राहून जिवंत उरलेली आणि लिहू शकलेली स्त्री आपल्याला येथे प्रथम भेटते. तिचे म्हणणे काय आहे? रमाबाईंनी दुष्काळ का पडला याची मीमांसा केलेली नाही. त्यांनी करार तपासला. ग्रंथांनी जे करावयास सांगितले होते ते आम्ही केले, जे मिळेल म्हणून सांगितले होते ते मिळाले नाही. असा तो हिशेब आहे. तरीही त्या आणि श्रीनिवास लगेच काही सोडून देत नाहीत. सोवळेओवळे चालू आहे, पूजा चालू आहे, अध्ययन चालू आहे. फक्त आतली श्रद्धा थंड झाली आहे. असे ही दोघे भावंडे सुमारे चार हजार मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन त्यांनी ऊब मिळविली. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन या मुलीचा गौरव केला, तेव्हा ज्या विद्येचा गौरव चालला होता तिच्यावरचा तिचा विश्वास उडून काही वर्षे झाली होती.

पुढील चरित्र वाचकांना ठाऊक आहे. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी विवाह आणि १८८२ मध्ये वैधव्य. पुण्यातील आर्य महिला समाज. १८८३ साली इंग्लंडात वांटेज येथे बाप्तिस्मा. १८८९ साली शारदा सदन. त्यावरून झालेल्या वादाची राख पुष्कळ घरांत अजूनही कोमट आहे. त्यात आम्ही शिरत नाही. एवढेच नोंदवितो की नव्या धर्मातही रमाबाईंनी तयार उत्तरे निमूट घेतली नाहीत. वांटेजच्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना अनंतशास्त्र्यांची मुलगी वाद घालते आहे हे प्रत्येक पानावर जाणवते. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, मागे वळून पाहताना, आपल्या सगळ्या भटकंतीत ईश्वराचा हात होता असे त्या म्हणतात. हे तुकोबांच्या ‘बरे झाले’च्या जवळचे आहे. आणि त्याही ते स्वतःपुरतेच बोलतात.

याची कसोटी १८९६-९७ मध्ये लागली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. या वेळपर्यंत सरकारने दुष्काळसंहिता केलेली होती, रेल्वे होती, बाजारात धान्यही येत होते; घेण्यास लोकांजवळ पैसा नव्हता. सार्वजनिक सभा आणि टिळकांचा ‘केसरी’ शेतकऱ्यांना सांगत होते की सूट मागणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. अस्मानीतली सुलतानी किती, हे आता मोजून दाखविता येऊ लागले होते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. बावीस वर्षांपूर्वीची आपली भूक आठवल्यावर घरी बसवेना, असे कारण त्यांनी दिले आहे. तेथील अनाथगृहांतील स्थिती, उपाशी मुलींवर टपलेली माणसे, हे पाहून त्यांनी जे लिहिले त्यात देवाच्या हेतूचे स्पष्टीकरण नाही. त्यात मुलींना तेथून बाहेर कसे काढावे याचा विचार आहे. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढे ‘मुक्ती’. विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना माग आणि छपाईचे काम शिकविले. हाताने काम करण्याची लाज ही आपल्या घराच्या उपासमारीचे एक कारण होती, हे त्या विसरल्या नव्हत्या.

त्यानंतर तीन वर्षांनी छप्पन्न आला. गुजरातेतून मुलींच्या टोळ्या केडगावास आल्या आणि १९०० साली मुक्तीत दीड हजारांवर माणसे झाली. आमच्या लहानपणच्या हकिकतींत ज्यांचा शेवट ‘देवाची करणी’ या शब्दांनी होत असे, त्या उपाशी मुलींपैकी काही जणी अशा रीतीने वाचल्या, हे त्या हकिकती सांगणाऱ्यांना बहुधा माहीत नव्हते. या मुलींना तेथे ख्रिस्ती धर्माची शिकवण मिळाली, आणि उपाशी माणसाला अन्नाबरोबर धर्म द्यावा काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. फक्त तो घेणाऱ्यांनी त्या साली आपली किती कोठारे उघडली होती, हेही त्याच दमात विचारले गेले पाहिजे.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करीत होत्या. त्यात ईयोबाचे पुस्तक आहे. ईयोब हा निर्दोष माणूस. त्याची गुरेढोरे जातात, मुलेबाळे मरतात, शरीर नासते. त्याचे तीन मित्र येतात आणि प्रकरणेच्या प्रकरणे त्याला समजावितात की तुझ्याकडून काही पाप घडलेच असले पाहिजे, कारण देव अन्याय करीत नाही. आपल्या कर्मसिद्धांताशी त्यांचे फारसे भांडण झाले नसते. ईयोब ते मान्य करीत नाही. तो देवालाच जाब विचारतो. आणि शेवटी देव बोलतो तेव्हा दुःखाचे कारण सांगत नाहीच, उलट आपली बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवरच रागावतो, आणि भांडणारा ईयोब योग्य बोलला असे म्हणतो. हे वाचताना पंढरपूर फार दूर वाटत नाही. या भागाचे मराठी करताना रमाबाईंना काय आठवले असेल, याचा तर्क करण्याचे आम्ही टाळतो. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

त्याच पुस्तकाच्या आरंभी एक लहानसा प्रसंग आहे. ते मित्र प्रथम येतात तेव्हा ईयोबाची अवस्था पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. कोणी एक शब्दही बोलत नाही. भाषणे नंतर सुरू होतात.

लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या तिरडीला ज्या दोन ब्राह्मणांनी त्या परक्या गावी खांदा दिला, तेही काही बोलले असतील तर रमाबाईंनी ते लिहिलेले नाही. त्यांची नावेही नाहीत. कदाचित त्यांना ती कळलीच नसतील.